अर्धे बिल आणि अर्धे नाणे

पत्र : “सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. वडिलांनी चार मागांवर सुरू केला, आज चोवीस माग आणि एकतीस कामगार आहेत. नऊ वर्षांपासून अमेरिकेतील एका पार्टीला आम्ही थेट माल पाठवतो. ऑगस्ट २०२५ अखेर तिकडचे आयात शुल्क वाढल्यापासून ऑर्डर थांबली होती. आता पार्टीनेच मार्ग सुचवला आहे. साठ हजार डॉलरच्या कंटेनरचे बिल चाळीस हजारांचे करायचे आणि उरलेले वीस हजार डॉलर ‘यूएसडीटी’ या डिजिटल चलनात माझ्या मुलाच्या वॉलेटमध्ये घ्यायचे. मुलगा इंजिनियर आहे. तो म्हणतो, पैसा शेवटी आकडाच असतो, बँकेतला काय आणि वॉलेटमधला काय. शिवाय रुपया घसरतो आहे, तेव्हा डॉलरमध्ये राहिलेले बरेच. सरकारनेही डिजिटल रुपया काढला आहे, मग यात गैर काय, असे तो विचारतो. मला उत्तर देता येत नाही, पण मनही धजत नाही. ऑर्डर गेली तर ऐन दिवाळीत कामगारांना काय सांगू?” – एक कारखानदार, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

तुमचे मन धजत नाही ते योग्यच आहे. या प्रस्तावाला माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे, आणि दिवाळी आठवड्यावर आलेली असताना हे लिहिणे मला सोपे वाटत नाही, हेही सांगतो. मात्र तुमच्या मुलाचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पैसा म्हणजे नेमके काय, हे त्याने विचारले आहे आणि त्याला नीट उत्तर मिळाले पाहिजे. त्याआधी पार्टीच्या प्रस्तावाचा हिशेब कागदावर मांडू, कारण तो मांडला की निम्मा निर्णय आपोआप होतो.

सुती टेरी टॉवेलवर अमेरिकेत मूळचे शुल्क ९.१ टक्के आहे. त्यावर भारतीय मालासाठी ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के आणि रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देऊन २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के लागले. २०२५ च्या दिवाळीपूर्वी ते एकूण ५९.१ टक्के झाले; पुढचा हिशेब याच दराने आहे. साठ हजारांच्या बिलावर तुमच्या पार्टीला ३५,४६० डॉलर शुल्क भरावे लागेल. बिल चाळीस हजारांचे दाखवले तर २३,६४० डॉलर. म्हणजे तिचे ११,८२० डॉलर वाचतात. यातला एकही डॉलर तुमच्याकडे येत नाही, कारण तुम्हाला दोन्ही परिस्थितींत साठ हजारच मिळणार आहेत. लाभ सगळा तिचा आहे, आणि खोट्या बिलावरची सही मात्र तुमची आहे.

मालाची किंमत कमी दाखवून शुल्क चुकवणे हा अमेरिकेच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो पार्टीने करायचा की नाही हे तिचे तिने ठरवावे. पण इकडे न्हावा शेवा बंदरावर शिपिंग बिल भरताना मालाच्या किमतीची घोषणा तुम्ही करता. ती खोटी निघाली तर आपल्या कस्टम्स कायद्यात मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि निर्यातीची रक्कम बँकेबाहेर घेतल्याबद्दल फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्यात त्या रकमेच्या तिपटीपर्यंत. बँकेच्या परकीय चलन विभागात मी अनेक वर्षे काम केले आहे, त्यामुळे यातला खरा सापळा कुठे आहे ते मला ठाऊक आहे. पहिल्या कंटेनरला काहीच होत नाही. शिपिंग बिलाचा क्रमांक रिझर्व्ह बँकेच्या निर्यात देखरेख प्रणालीत चढतो, चाळीस हजार डॉलर बँकेत येतात, नोंद मिटते आणि सगळे स्वच्छ दिसते. माणूस निर्धास्त होतो. मग दुसरा कंटेनर जातो, तिसरा जातो, आणि एक दिवस पार्टी म्हणते की माल हलका निघाला, वरचे वीस हजार देणार नाही. त्या दिवशी तुमच्याकडे मागणी करायला कागद नसतो, आणि तिच्याकडे मात्र तुम्ही वॉलेटचा पत्ता कळवल्याचा निरोप असतो. तुमची शेंडी कायमची तिच्या हातात जाते.

आणखी एक नुकसान आहे, जे कोणी दाखवून देत नाही. बिल एक तृतीयांशाने कमी झाले की तुमची उलाढालही कागदावर तेवढीच घटते. पुढच्या वर्षी बँक पॅकिंग क्रेडिटची, म्हणजे निर्यातीचा माल तयार करण्यासाठीच्या कर्जाची, मर्यादा ठरवताना ही घटलेली उलाढाल पाहील. ड्यूटी ड्रॉबॅक (कच्च्या मालावर भरलेल्या शुल्काचा परतावा) आणि तयार कापडी वस्तूंसाठी मिळणारा राज्य व केंद्रीय करांचा परतावा हेही दाखवलेल्या किमतीवरच मिळतात. ईसीजीसी या सरकारी कंपनीचा, निर्यातीचे पैसे बुडाल्यास भरपाई देणारा विमा घेतलात तर त्याचे संरक्षणही चाळीस हजारांनाच मिळेल. नऊ वर्षांत जी पत तुम्ही उभी केली, ती दुसऱ्याचे शुल्क वाचवण्यासाठी मोडून देण्याचा हा प्रकार आहे.

आणि ते वीस हजार डॉलर रुपयांत कसे आणणार? बहुतेक जण अनोळखी खरेदीदाराला नाणी विकून आपल्या बँक खात्यात रुपये घेतात, ज्याला त्या बाजारात पीटूपी म्हणतात. समोरच्याने पाठवलेले रुपये कोणा फसवल्या गेलेल्या माणसाचे असले, तर सायबर पोलिसांच्या तपासात त्या पैशांचा माग काढत तुमचेही खाते गोठवले जाते. अशी खाती महिनोन् महिने गोठलेली राहतात. त्याच खात्यातून पगार आणि बोनस होत असेल तर काय होईल, हे मी सांगायला नको.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येतो. पैसा शेवटी आकडाच असतो, हे त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. बँकेतली तुमची शिल्लक हा आकडाच आहे, यूपीआयने चहावाल्याला दिलेले दहा रुपये हाही आकडाच आहे. पण त्या आकड्याच्या मागे कोणीतरी देणेकरी उभा असतो, आणि तो कोण आहे यावर पैशाची सगळी किंमत ठरते. मराठीत यासाठी फार नेमका शब्द आहे, पत. आपण पतपेढी म्हणतो, पत गेली म्हणतो, पत राखली म्हणतो. पैसा म्हणजे अशी पत, जी हातोहात फिरते.

तुमच्या भागाच्या इतिहासातच याचे उत्तम उदाहरण आहे. तुळजापूर सोलापूरपासून पंचेचाळीस किलोमीटरवर, पण १९४८ पर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सोलापूर मुंबई इलाख्यात, तिथे इंग्रजी रुपया, ज्याला लोक ‘कलदार’ म्हणत. हद्द ओलांडली की निजामाचा ‘हाली’ रुपया. व्यापारी पलीकडे माल घेऊन निघाला की त्याला दोन गोष्टींना तोंड द्यावे लागे. एक म्हणजे करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात, आणि दुसरी म्हणजे नाणे बदलताना द्यावा लागणारा बट्टा. तुम्ही आज ज्या दोन प्रश्नांत अडकला आहात, शुल्क आणि चलन, ते दोन्ही तेव्हा एकाच रस्त्यावर उभे होते. संस्थान संपले, निजामाची सत्ता गेली, तरी लोकांच्या पेटीतला हाली रुपया रद्दी झाला नाही. भारत सरकारने त्याचे देणे आपल्या अंगावर घेतले, सात हालीला सहा भारतीय रुपये या दराने तो बदलून दिला आणि १९५९ मध्ये त्याचे चलन पूर्णपणे थांबवले. ज्या राज्याने ते नाणे काढले ते उरले नव्हते, पण वचन पाळणारा कोणीतरी होता. मुलाला हे जरूर सांगा. आकडा तोच राहतो. त्याच्यामागे कोण उभे राहते, हे पाहायचे असते.

व्यापाऱ्यांनी तर राजाच्या नाण्याशिवायही पैसा चालवला. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुदती हुंडी ठरलेल्या दिवशी वटे, आणि पुण्याच्या पेढीचा कागद दूरच्या शहरात चाले तो पेढीच्या नावावर. हुंडी न वटणे म्हणजे त्या पेढीचा शेवट, म्हणूनच ती वटवली जाई. आजच्या नोटेवरही वचनच छापलेले आहे. धारकास अमुक रुपये अदा करण्याचे ते वचन रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या सहीने दिलेले असते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटांचा कागद, शाई, धागा काहीही बदलले नव्हते. बदलला तो फक्त त्यांच्यामागचा कायदेशीर शब्द, आणि त्यानंतर बँका उघडताच त्यांच्यासमोर लागलेल्या रांगा आपण सर्वांनी पाहिल्या.

बँकेतली ठेव हे बँकेचे वचन आहे, सरकारचे नव्हे. म्हणूनच ठेव विमा महामंडळाचे संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेतील प्रत्येक ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत आहे, त्यापुढे नाही. नागरी सहकारी बँकांवर निर्बंध आले की काय होते, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायची गरज नाही. डिजिटल रुपया याहून निराळा. १ डिसेंबर २०२२ पासून त्याचा सर्वसामान्यांसाठीचा प्रायोगिक वापर मुंबईसह चार शहरांत सुरू झाला आणि नंतर विस्तारला. तो थेट रिझर्व्ह बँकेचे देणे आहे, म्हणजे नोटच, फक्त कागदाविना. त्यावर व्याज नाही, जसे खिशातल्या नोटेवर नसते. ‘सरकारनेही डिजिटल चलन काढले’ हा मुलाचा दाखला इथे लागू पडत नाही. डिजिटल रुपया आणि यूएसडीटी दोन्ही मोबाइलवर दिसतात, एवढेच त्यांचे साम्य.

मग यूएसडीटी कोणाचे वचन आहे? ते टेदर नावाच्या एका खासगी कंपनीचे आहे, जिने २०२५ च्या आरंभी आपले मुख्यालय एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतील देशात नेले. एक नाणे म्हणजे एक डॉलर, आणि प्रत्येक नाण्यामागे आमच्याकडे ठेव आहे, असे ती सांगते. या ठेवीविषयी दिशाभूल करणारी विधाने केल्याबद्दल अमेरिकेच्या वायदे बाजार नियामकाने २०२१ मध्ये तिला ४ कोटी १० लाख डॉलरचा दंड केला होता. आजही नाणी परत करून थेट कंपनीकडून डॉलर घ्यायचे तर किमान रक्कम एक लाख डॉलर आहे. तुमचे वीस हजार त्या खिडकीपर्यंत पोहोचतच नाहीत. तुम्हाला ती नाणी बाजारात कोणाला तरी विकूनच मोकळे व्हावे लागेल, आणि त्या दिवशी जो दर मिळेल तो घ्यावा लागेल. शिवाय एखादे वॉलेट गोठवण्याचा अधिकार आणि तांत्रिक सोय कंपनीकडे आहे आणि ती तो वापरते. यात तक्रार करायला तुम्ही कुठल्या न्यायालयात जाणार?

एक डॉलरच्या नाण्याची किंमत नेहमी एक डॉलरच राहते, असेही नाही. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा यूएसडीसी हे दुसरे मोठे नाणे, ज्याची थोडी ठेव त्या बँकेत होती, काही काळ ८८ सेंटपर्यंत घसरले. ते सावरले, कारण अमेरिकेच्या सरकारने त्या बँकेच्या सर्व ठेवी सुरक्षित असल्याचे जाहीर केले. पुन्हा तेच, शेवटी आधार सरकारच्याच शब्दाचा लागला. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने अशा नाण्यांसाठी कायदा केला आणि त्यामागे रोकड, अल्पमुदतीचे सरकारी रोखे यांसारखी सुरक्षित मालमत्ताच ठेवण्याचे बंधन घातले. ही सुधारणा आहे, हे मान्य करायला हवे. पण नाणे धरणाऱ्याला कंपनीने व्याज द्यायला त्या कायद्याने मनाई आहे, म्हणजे तुमचे डॉलर रोख्यांत गुंतणार, आणि व्याज कंपनीचे.

मी या तंत्राचा द्वेष करत नाही. बँकेमार्फत डॉलर यायला दोन-तीन दिवस लागतात, मधल्या बँका आपापली कात्री लावतात आणि शनिवार-रविवारी सगळे ठप्प असते. हे नाणे काही मिनिटांत पोहोचते. ही खरी सोय आहे आणि पुढेमागे तिला कायद्याने जागा मिळेलही. आज मात्र आपल्या देशात निर्यातीची रक्कम अधिकृत बँकेमार्फत, नियमाने ठरलेल्या मुदतीत यावी लागते, आणि वॉलेटमधले नाणे हे त्या दृष्टीने निर्यातीचे पैसे आल्याचा पुरावा ठरत नाही.

बिटकॉइनबद्दल मुलाने विचारले नसले तरी तो विचारेल, म्हणून थोडक्यात लिहितो. त्याच्यामागे कोणाचेच वचन नाही. त्याची संख्या २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाही, एवढाच नियम आहे. सोन्यासारखे ते दुर्मीळ आहे, पण दुर्मीळ असणे म्हणजे स्थिर असणे नव्हे. १० ऑक्टोबर २०२५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चीनवर आणखी १०० टक्के शुल्क लावण्याची घोषणा केली आणि बिटकॉइन काही तासांत १ लाख २२ हजार डॉलरच्या आसपासून १ लाख ५ हजारांच्या जवळ आले. जे नाणे सरकारांपासून मुक्त आहे असे सांगितले जाते, ते एका सरकारच्या एका शुल्काच्या बातमीने कोसळले. टॉवेलवर शुल्काचा घाव बसलेल्या माणसाने आपली शिल्लक अशा ठिकाणी ठेवणे म्हणजे एकाच वादळात दोन्ही होड्या सोडणे होय.

शुल्काचा बोजा कोण उचलतो, हा तुमच्या पत्रातला न विचारलेला प्रश्न आहे. मुंबईत २०१७ पर्यंत जकात होती. नाक्यावर पैसे ट्रकवाला किंवा व्यापारी भरत असे, पण तो बोजा शेवटी गिऱ्हाईक, व्यापारी आणि माल बनवणारा यांच्यात वाटला जाई, आणि ज्याची अडचण जास्त त्याच्या वाट्याला अधिक येई. अमेरिकेचे शुल्कही कायद्याने तिथला आयातदारच भरतो. तो तुमच्याकडे सूट मागतो ती बोजा सरकवण्यासाठी. सरकवू द्यायचा की नाही, हे त्याला दुसरीकडून माल मिळतो का यावर अवलंबून आहे, आणि इथे तुमची बाजू दुबळी आहे, हे मी लपवत नाही. टॉवेलमधला तुमचा मोठा स्पर्धक पाकिस्तान. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच्यावरचे जादा शुल्क १९ टक्के ठरले. तुर्कस्तानवर १५ टक्के. या दरांनी साठ हजारांचा तसाच माल पाकिस्तानातून गेला तर शुल्कासह ७६,८६० डॉलरला पडतो, तुमचा ९५,४६० ला. ही दरी केवळ सूट देऊन भरायची तर बिल जवळजवळ वीस टक्क्यांनी खाली आणावे लागेल. टॉवेलच्या धंद्यात वीस टक्के कोणाकडेच नसतात.

तरीही सूट हे हत्यार निकामी नाही. शुल्क बिलाच्या किमतीवर लागत असल्यामुळे तुम्ही सोडलेला प्रत्येक डॉलर पार्टीचा १ डॉलर ५९ सेंट खर्च वाचवतो. दहा टक्के, म्हणजे सहा हजार डॉलर सूट दिलीत, तर तिची बचत ९,५४६ डॉलर होते. पार्टीला खोट्या बिलातून जे मिळणार होते त्याच्या चार पंचमांश तिला उघड मार्गाने मिळते. तुमचे सहा हजार जातात, म्हणजे सुमारे सव्वापाच लाख रुपये, आणि ही लहान रक्कम नाही. म्हणून अशी सूट एका कंटेनरपुरती, बिलावर स्पष्ट लिहून आणि एका अटीसह द्यावी. ती अट अशी की शुल्क कमी झाल्यास सूट त्या प्रमाणात आपोआप संपेल. ही अट लिहून घ्यायला विसरू नका, कारण राजकीय निर्णयाने चढलेले शुल्क राजकीय निर्णयानेच उतरते आणि तेव्हा जुनी सूट परत मिळवणे फार अवघड असते. आणि ऑर्डरच्या कागदावर एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतच जबाबदारी तुमची) आहे की डीडीपी, हे आजच पाहा. डीडीपी असेल तर अमेरिकेतले शुल्क भरण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि पन्नास टक्क्यांच्या काळात हे तीन अक्षरी कलम कारखाना बुडवू शकते.

सोलापूरने शुल्काचे राजकारण पूर्वीही सोसले आहे. इंग्रज सरकारने १८९६ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांना झळ पोहोचू नये म्हणून आयात कापडावरच्या साडेतीन टक्के शुल्काच्या जोडीला भारतीय गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के उत्पादन कर बसवला, आणि तो जवळजवळ तीस वर्षे राहिला. तुमच्या शहरातल्या जुन्या गिरणीनेही तो भरला असणार. आपल्या सरकारने तरी तुमच्या बाजूने एक पाऊल टाकले; कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळासाठी उठवले.  मात्र तुमचे सूत ज्या निर्णयाने स्वस्त होते, त्याच निर्णयाने विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या कापसाचा भाव दबतो, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. शुल्क लावणे असो की उठवणे असो, कोणाच्या तरी ताटातले काढूनच ते दुसऱ्याच्या ताटात पडते.

रुपया घसरतो आहे म्हणून डॉलरमध्ये राहावे, या विचाराबद्दल दोन गोष्टी. २०२५ च्या आरंभी ८५-८६ च्या घरात असलेला डॉलर ऑक्टोबरपर्यंत ८८ च्या पुढे गेला, हे खरे. पण याच वर्षाच्या पहिल्या सहामाहीत जगातील इतर प्रमुख चलनांच्या तुलनेत डॉलर सुमारे दहा टक्क्यांनी उतरला. शुल्क लावणाऱ्या देशाचे चलन वधारते, असे पाठ्यपुस्तकात असते. प्रत्यक्षात तसे झाले नाही. तेव्हा डॉलर धरून ठेवणे म्हणजे निश्चित नफा, हे मनातून काढावे. डॉलर ठेवायचेच असतील तर बँकेत ईईएफसी खाते उघडता येते, निर्यातीचे डॉलर त्यात राहतात, आणि ज्या महिन्यात आले त्याच्या पुढच्या महिन्याअखेर ते रुपयांत बदलावे लागतात. तेवढ्या मुदतीत कच्च्या मालाची किंवा यंत्राच्या सुट्या भागांची परदेशी बिले त्यातून देता येतात. ज्या ऑर्डरवर सही झाली आहे तेवढ्याच रकमेचे फॉरवर्ड कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे पुढच्या तारखेचा डॉलरचा दर आजच बँकेशी ठरवणारा करार, करा. तोंडी आश्वासनावर करू नका, ऑर्डर फिरली तर उलटे तुम्हालाच भरावे लागते.

दुसरी गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. रुपयाच्या प्रश्नावर लंडन विद्यापीठासाठी लिहिलेल्या आणि १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात, आणि पुढे भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगासमोरच्या साक्षीत, त्यांनी एक गोष्ट लावून धरली होती. रुपयाचा परकीय दर काय आहे यापेक्षा देशात त्या रुपयाने किती धान्य-कापड मिळते, ही स्थिरता महत्त्वाची. रुपया उतरला की निर्यातदाराला फायदा होतो, पण त्यातला मोठा भाग मजुराच्या वाट्यातून येतो, कारण भाव आधी वाढतात आणि मजुरी मागून. शंभर वर्षांपूर्वीचे हे म्हणणे मला तुमच्या कारखान्याच्या संदर्भात फार जवळचे वाटते. तुमचे एकतीस कामगार रुपयात कमावतात आणि रुपयातच ज्वारी घेतात. डॉलरचा फायदा झालाच, तर त्यातला काही भाग त्यांच्याकडे वळावा, असे मी आग्रहाने सुचवतो.

आता लगेच करायचे ते. पार्टीला ईमेलने, सभ्य भाषेत कळवा की तुम्ही पूर्ण किमतीचेच बिल करता आणि पैसे बँकेतच घेता, आणि त्याच पत्रात वर सांगितलेली मर्यादित सूट देऊ करा. फोनवर नकार देऊन थांबू नका; प्रस्ताव त्यांचा होता आणि नकार तुमचा होता, याचा कागद तुमच्याकडे असला पाहिजे. ईसीजीसीच्या मुंबई किंवा पुणे कार्यालयाशी बोला, कारण शुल्कामुळे तिकडचे लहान आयातदारही अडचणीत आले आहेत आणि जी पार्टी आज खोटे बिल मागते तिची रोख स्थिती ताणलेली असण्याचा संभव मोठा आहे. जुने येणे वसूल झाल्याखेरीज नवा कंटेनर उधारीवर सोडू नका. दुसऱ्या बाजारांचे काम हळू चालते, पण ते याच महिन्यात सुरू करा. संयुक्त अरब अमिरात, ऑस्ट्रेलिया आणि जपान यांच्याशी आपले व्यापार करार लागू आहेत, तिथे तुमच्या मालाला शुल्क नाही किंवा नगण्य आहे. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये करार झाला आहे, तिथेही नमुने आणि दर पाठवून ठेवता येतील. सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे; आखाती देशांतल्या हॉटेलांना माल दाखवताना ते सांगा.

बोनससाठी पैसा कमी पडत असेल तर बँकेकडे खेळत्या भांडवलाची तात्पुरती वाढ मागा आणि थांबलेल्या ऑर्डरचे कागद सोबत न्या. ज्या निर्यातदाराची नऊ वर्षांतली प्रत्येक नोंद मिटलेली आहे, त्याला हे मागण्याचा अधिकार आहे. कामगारांना परिस्थिती खरी सांगा, शुल्काचा आकडासुद्धा सांगा. ते टॉवेल विणतात, हिशेब त्यांना कळतो.

मुलावर रागावू नका. त्याला नव्या तंत्राची समज आहे आणि ती कारखान्याच्या उपयोगाची आहे. निर्यातीची कागदपत्रे, परताव्याचे दावे, नव्या बाजारांतल्या खरेदीदारांचा शोध, हे सगळे त्याच्या हाती सोपवा. त्याला डिजिटल नाणी घ्यायचीच असतील तर स्वतःच्या पगारातली छोटी रक्कम, भारतात नोंदणी झालेल्या खरेदी-विक्री केंद्रावर (एक्स्चेंजवर), आणि नफ्यावर ३० टक्के कर लागतो व एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही, हे समजून घेऊनच लावावी. जुलै २०२४ मध्ये भारतातल्या एका मोठ्या केंद्रावरून तेवीस कोटी डॉलरहून अधिक किमतीची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकले, हेही त्याने लक्षात ठेवावे. मात्र कारखान्याच्या खात्याला आणि त्याच्या वॉलेटला एकमेकांशी जोडणारा एकही व्यवहार असता कामा नये. पार्टीला त्याने वॉलेटचा पत्ता आधीच पाठवला असेल तर तो वापरला जाणार नाही, हे त्याच ईमेलमध्ये लिहा.

पार्टीचे उत्तर काय येते ते मला कळवा, आणि ऑर्डरच्या कागदावरचे एफओबी-डीडीपीचे कलम जसेच्या तसे उतरवून पाठवा. त्यावरून सवलतीच्या अटीचा नेमका मसुदा कसा करायचा ते पुढच्या पत्रात लिहीन.